वोर्म्सचा शिक्का

त्या शुक्रवारी मला माझ्या बाबांनी फसवलं. फायदा जोएलचा झाला, पण फसवणूक जोएलची नव्हती, त्याच्या आईची नव्हती, आणि ज्या जर्मन साहेबांमुळे हे सगळं सुरू झालं त्यांची तर मुळीच नव्हती. फसवलं ते रस्त्यांच्या कंपनीतले सर्व्हेअर दानिएल गायकवाड यांनी, स्वतःच्या एकुलत्या एका मुलीला, आणि तेही पिठलं खात खात. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे ही गोष्ट निघाली की आई विषय बदलते, बाबा कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवतात, आणि घरात नवा माणूस असेल तर त्याला वाटतं, चूक हिच्या रागाचीच असावी. माझा राग मोठा आहे, हे मला मान्य आहे. परांच्या आणि सेंट्रिंगचं सामान भाड्याने देण्याचा माझा धंदा मी याच रागावर उभा केला. पण रागीट माणूस खोटाच असतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

आम्ही तेव्हा दोह्यात, अल मुंतझामध्ये राहत होतो, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. विश्वचषक यायचा होता आणि त्याआधी सगळं शहर एकदा उलटंपालटं करून बघायचं असं कुणीतरी ठरवलं होतं. सकाळी सहाला पायलिंगचं, म्हणजे जमिनीत खांब ठोकायचं, यंत्र सुरू व्हायचं. धम्म, मग चार श्वास शांतता, मग पुन्हा धम्म. आई त्या तालावर कणीक मळायची. यंत्र थांबलं की तिचा हातही थांबायचा आणि ती खिडकीकडे बघून विचारायची, "काय झालं वो, मेलं का थे?" मांडणीवरचे पेले दिवसभर एकमेकांना टेकून किणकिणत असत. खाली कोयाक्कांचं किराणा दुकान होतं, तिथून गरम खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, यायचे आणि आम्ही ते ठेच्याशी खायचो. पांढुर्ण्याहून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बॅगेत आमच्यासाठी तिखटाची पुडी असायचीच. शुक्रवारी आई पाटवड्या करायची. बेसन शिजवून ताटाला थापायचं, वर खोबरं आणि सांबार पेरायचं. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तसंच म्हणतात, आणि पुण्याच्या बायकांना हे समजावून सांगण्यात आईची कतारमधली पहिली दोन वर्षं गेली.

बाबांचं काम होतं वळणं आखायचं. रस्ता खणला की गाड्या कुठून फिरवायच्या, कुठलं गोलचक्कर काढून तिथे सिग्नल बसवायचा, लाल-पांढरे अडथळे कुठे मांडायचे, हे सगळं ते कागदावर काढत आणि दुसऱ्या दिवशी लाखभर माणसं शिव्या देत त्या कागदावरून जात. नकाशांच्या गुंडाळ्या आमच्या फ्रिजवर असत. घरात बाबा फार मोजकं बोलत. विचारलं तर नेमकं उत्तर, सेंटिमीटरसकट. नाही विचारलं तर मांडीला मांडी लावून बसलात तरी त्यांच्या मनात काय आहे याचा पत्ता लागायचा नाही.

आता आम्ही कोण, ते सांगायला हवं, कारण भांडणाचं मूळ तिथे आहे. आम्ही मराठी, आणि आम्ही ल्यूथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरला मानणारे ख्रिस्ती. माझे आजोबा पांढुर्ण्याच्या बाजूला स्वीडिश मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दोह्यात मराठी कुटुंबं दिवाळीला जमायची, तेव्हा कुणी ना कुणी काकू मला विचारायच्याच, "रूथ? आणि आडनाव गायकवाड? ते कसं काय?" मग शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, शहराबाहेर चर्चच्या आवारात आम्ही प्रार्थनेला जायचो, तिथे एखादी केरळची मावशी विचारायची, "महाराष्ट्रियन? अँड ख्रिश्चन? हाऊ?" म्हणजे दोन्ही दारांत माझी चौकशी. आमची ल्यूथरन मंडळी सगळी मिळून चौदा कुटुंबं, तेलुगू, तमिळ, झारखंडची, आणि मराठी फक्त एक. एकोणीस वर्षांच्या मला असं वाटायचं की जगात एक तरी जागा असेल जिथे मी उभी राहिले तर कुणी "कसं काय" विचारणार नाही.

ती जागा जर्मनीत आहे हे मला क्लाउस साहेबांकडून कळलं. ते एका स्टेडियमच्या छपराचे इंजिनियर, शुक्रवारी आमच्यात येऊन बसायचे आणि आमच्या बायकांनी आणलेलं सगळं खायचे. त्यांनी सांगितलं, त्यांच्याकडे मार्टिन ल्यूथरच्या आयुष्यातल्या गावांवरून जाणारी एक पायवाट आहे. लोक पाठीवर पिशवी टाकून चालतात, हातात एक वही असते, आणि प्रत्येक गावी चर्चमध्ये त्या वहीवर शिक्का मिळतो. त्यांच्या गावची मंडळी आमच्यातल्या एका तरुण माणसाला बारा दिवस चालायला बोलवायला तयार होती. तिकीट, व्हिसा, राहणं, सगळं त्यांचं. एकच जागा.

आमच्यातले वडीलधारे म्हणजे सॅम्युएल अंकल, गुंटूरचे, तेलकंपनीत सेफ्टीचे साहेब. त्यांनी ठरवलं की निवड चालूनच व्हावी. त्यांनी जर्मनीचा नकाशा दोह्याच्या नकाशावर ठेवला आणि शहरात नऊ ठिकाणं नेमली. कोयाक्कांचं दुकान आइस्लेबेन, म्हणजे ल्यूथरचा जन्म झाला ते गाव. मुशैरिबमधला एक पठाण शिंपी एरफुर्ट. दक्षिणेकडचं एक मोठं गोलचक्कर, जिथे नेपाळी वॉचमनची केबिन होती, ते वोर्म्स, म्हणजे जिथे राजासमोर उभं राहून ल्यूथरने माघार घ्यायला नकार दिला. आणि चर्चच्या आवाराचं फाटक विटेनबर्ग. इतिहासात विटेनबर्ग आधी येतं, पण कतारमध्ये रस्ता तसा जात नव्हता, आणि हरकत घेऊ शकणाऱ्या क्लाउस साहेबांच्या तोंडात तेव्हा पाटवडी होती. तिथे आवाराबाहेर धर्माची खूण चालत नसल्याने शिक्क्यांवर क्रूस वगैरे नको, रस्त्यात कुणी विचारलं तर चालण्याचा क्लब आहे असं सांगायचं, म्हणून अंकलनी खेळण्यांच्या दुकानातून लहान मुलांचे रबरी शिक्के आणले. आइस्लेबेनला बदक, एरफुर्टला सफरचंद. वोर्म्सला फुटबॉल, कारण तेव्हा प्रत्येक दुकानात फुटबॉलच होता.

नियम ठरवण्याच्या दिवशी मी दीड तास घासाघीस केली. अंकलना बारा टप्पे हवे होते, मी नऊवर आणले. चालणं सकाळी साडेआठला सुरू करायचं होतं, मी ते पहाटे चारवर आणलं. अंकल शेवटी घाम पुसत म्हणाले, "बेटा, यू आर नॉट बायिंग फिश." मी म्हणाले, "अंकल, मासे घेताना मी याहून कमी बोलते." ईस्टरच्या आधी ज्याच्या वहीत नऊ शिक्के पडतील आणि जो आधी फाटकाशी पोचेल तो जाणार, हे मी कागदावर लिहून घेतलं आणि त्यांची सही घेतली. आजही कुणाशी व्यवहार करताना मी सही आधी घेते आणि चहा नंतर.

सुरुवातीला सातजण निघाले. दुसऱ्या शुक्रवारी चार, आणि डिसेंबर संपेपर्यंत उरलो आम्ही दोघं, मी आणि जोएल, सॅम्युएल अंकलचा मुलगा. जोएल वाईट नव्हता. लांब पावलांचा, कायम कानात गाणी. पण त्याच्या मागून त्याची आई, ग्रेस आंटी, मोठी पांढरी गाडी माणसाच्या वेगाने चालवत यायची. खिडकी उघडी, एसी फुल, हातात ज्यूस. "जोएल, ड्रिंक. जोएल, कॅप." मी हरकत घेतली. अंकलनी निवाडा दिला की पाय जमिनीवर आहेत तोवर गाडी मागे चालली तरी चालेल. मी विचारलं, ल्यूथरच्या मागे गाडी होती का. अंकल म्हणाले, ल्यूथर घोडागाडीने पण जायचा. हे खरं निघालं. मला फार राग आला.

माझ्या मागे कुणी नव्हतं. आई दारातच म्हणायची, "रुथे, काहून उनात जाऊन रायली? तिकडं जर्मनीत तुले काय भेटनार हाय?" आणि मग पिशवीत डबा कोंबायची. पहाटेचं ते शहर मात्र मला आवडायचं. शुक्रवारी रस्ते रिकामे असायचे. बिरकत अल अवामेरकडून येणाऱ्या मजुरांच्या बसगाड्या, खिडकीच्या काचांना टेकलेली झोपलेली डोकी. अर्धवट उभे खांब, त्यांच्या टोकांवर लाल दिवे. करकच्या, म्हणजे कडक दुधाळ चहाच्या, टपरीवरचा वेलचीचा वास. पायाखाली कधी फरसबंदी, कधी वाळू, कधी काहीच नाही, नुसता खड्डा आणि त्यावर टाकलेली फळी. गुडघा दुखायला लागल्यापासून मी कुठेच पायी जात नाही, पण त्या फळ्यांचा दणका तळपायांना अजून आठवतो.

एक गोष्ट कबूल करते, कारण ग्रेस आंटी ती अजून सांगत असतील. एरफुर्टच्या शिंपीउस्तादांना मी एकदा पाटवड्यांचा डबा दिला आणि त्या बदल्यात पुढच्या टप्प्याचाही शिक्का मारून घेतला, जो टप्पा मी चाललेच नव्हते. पुढच्या ठिकाणचा दुकानदार उस्तादांचा मेहुणा होता, शिक्का त्या दिवशी त्यांच्याकडेच पडलेला. उस्तादांनी बोटं चाटली आणि म्हणाले, "और डिब्बा लाओगी तो पूरी किताब भर दूँ, बेटी. क्या है ये, सेहत का मुक़ाबला?" मी खुश झाले. पुढच्या शुक्रवारी क्लाउस साहेबांनी सहज वही चाळली, दोन शिक्क्यांखाली लिहिलेली एकच तारीख पाहिली आणि वही मिटून माझ्या हातात दिली. मग हळूच म्हणाले की पाचशे वर्षांपूर्वी चर्च पापांची माफी विकत होतं, आणि त्याविरुद्ध एका माणसाने विटेनबर्गला दारावर कागद ठोकला, तेव्हापासून आपण आहोत. ते एवढंच म्हणाले. मी तो टप्पा परत चालले, दोनदा, आणि दुसऱ्यांदा कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर डबा फक्त खाण्यासाठी.

शेवटच्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी माझ्या वहीत सात शिक्के, जोएलच्याही सात. उरलं वोर्म्स आणि त्यानंतर विटेनबर्ग. गुरुवारी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. पिठलं, भात, मुळ्याचे काप. आई म्हणाली, "उद्या लवकर जेवजो मग, रुथे, उपाशी नको निघू." मी म्हणाले, मी चार वाजता निघणार, गोलचक्करावर साडेपाचला, तिथून फाटक तासाभरात. मी हे मोठ्याने म्हणाले. बाबा समोर होते. त्यांनी भातात बोटाने खड्डा केला, पिठलं वाढून घेतलं आणि खाल्लं. पाण्याची बाटली काढताना फ्रिजवरची गुंडाळी माझ्या अंगावर पडली, ती मी उचलून परत वर ठेवली. बाबा म्हणाले, "नीट ठेव, दुमडेल." तेवढंच.

पहाटे उठले तर बाबा घरात नव्हते. आई म्हणाली, साइटवरून बोलावणं आलं असेल. मी निघाले. साडेपाचला पोचले, आणि वोर्म्स नव्हतं. म्हणजे गोलचक्करच नव्हतं. मधलं गवत, खजुराची झाडं, त्यावरचं अरबी कॉफीच्या किटलीचं मोठं शिल्प, सगळं गायब. त्या जागी एक तांबडा खड्डा आणि भोवती लाल-पांढऱ्या अडथळ्यांची भिंत. झेंडा धरून उभा असलेला एक बंगाली माणूस म्हणाला, "गोलचक्कर खलास, दीदी. रात को निकाल दिया." मी विचारलं, वॉचमनची केबिन कुठे. त्याने हात लांब केला आणि पूर्ण अर्धवर्तुळ काढलं. मी डावीकडून निघाले. डावीकडून रस्ता कुंपणाशी संपला. परत आले, उजवीकडून गेले. तिथे एका पाटीवर बाण होता, दुसऱ्या पाटीवर उलटा बाण. मी वाळूतून चालले, एका आडव्या पाइपवरून उडी मारली, चप्पल तुटली, ती सुतळीने बांधली आणि मोठमोठ्याने त्या वळण आखणाऱ्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यातली एक पिढी मी होते, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

केबिन पलीकडच्या टोकाला सापडली तेव्हा ऊन चढलं होतं. वॉचमन डंबरबहादूर चहा पीत होता. त्याने फुटबॉलचा शिक्का मारला, फुंकर घातली आणि म्हणाला, "भाई साहब तो एक घंटा पहले ले गए. सीधे आए, पीछे वाले रास्ते से." मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "आपके पापा भी थे. पाँच बजे से उधर खड़े थे, डिवाइडर के पास. आपको देख रहे थे. फिर चले गए."

मी फाटकाशी पोचले तेव्हा जोएल पायरीवर बसून ज्यूस पीत होता. ग्रेस आंटींनी मला मिठी मारली आणि अगदी भोळेपणाने म्हणाल्या, "अरे रूथ, तुमको पता नहीं था? तुम्हारे पापा ने ही तो बताया. कल शाम को मैंने फोन करके पूछा, कौन सा रोड खुला है, तो पूरा रास्ता समझा दिया. इतना अच्छा समझाते हैं."

त्यानंतर मी काय बोलले ते आवारातल्या सगळ्या भाषांच्या लोकांनी ऐकलं. मी सहीचा कागद काढला. मी म्हणाले, ही शर्यतच नाही, एकाला नकाशा मिळाला आणि एकाला नाही. सॅम्युएल अंकल म्हणाले, "बट ही वॉक्ड, बेटा. यू वॉक्ड. ही केम फर्स्ट." मी माघार घेणार नाही म्हणाले. क्लाउस साहेब म्हणाले, वोर्म्सला नेमकं असंच झालं होतं. सगळे हसले. त्या हसण्यावरच माझा खटला बुडाला. बाबा मागच्या खुर्चीवर गाण्यांचं पुस्तक उघडून बसले होते. त्यांच्या बुटांवर तांबडी माती होती. मी जाऊन समोर उभी राहिले.

"बाबा, तुम्ही त्यांना सांगितलं?"

"त्यांनी विचारलं."

"आणि मला?"

त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं. "तू विचारलं नाहीस."

जोएल जर्मनीला जाऊन आला. त्याच्या वहीत अकरा शिक्के होते आणि पायाला फोड एकही नव्हता. बऱ्याचशा वाटेवर बस जाते, हे त्यानेच सांगितलं. माझ्यासाठी त्याने फ्रिजला चिकटवायचं एक छोटं चर्च आणलं. आईने ते फ्रिजवर लावलं. मी पाच महिने फ्रिज उघडताना दुसरीकडे बघायचे.

त्यानंतर मी तीनदा जर्मनीला गेले आहे, परांच्यांच्या प्रदर्शनांना, स्वतःच्या तिकिटावर. प्रत्येक वेळी ती पायवाट तासाभरावर होती. गेले नाही. आई म्हणते, "हट्ट हाय तुह्या, दुसरं काय?" असेल. पण मला त्या वाटेवर एक प्रश्न बरोबर न्यायचा नाही, आणि तो प्रश्न अजून सुटलेला नाही. बाबा आता सत्तरीपलीकडे आहेत, नागपूरला आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात, आणि दर वेळी वेगळं कारण देतात. माझ्या लग्नात म्हणाले, "तू माझे कागद नेहमी चाळायचीस, मला वाटलं पाहिला असशील." आईच्या ऑपरेशनच्या वेळी, दवाखान्याच्या बाकावर, म्हणाले, "आपल्याच पोरीला सांगितलं असतं तर मंडळीत लोक काय म्हणाले असते?" आणि एकदा, खिडकीबाहेर बघत, "बारा दिवस. एकटी. परक्या देशात." मग लगेच वर्तमानपत्र मागितलं.

या तीनपैकी कुठलंही कारण मी मानून घेईन. घासाघीस करणार नाही. पण पाच वाजल्यापासून डिवाइडरपाशी उभं राहण्याचं कारण यातलं एकही नाही. सांगायचं नव्हतं तर सुट्टीच्या दिवशी तिथे गेलात कशाला? आणि गेलात, मला चुकीच्या बाजूने जाताना पाहिलंत, चप्पल तुटताना पाहिलंत, तर हाक का मारली नाहीत? दानिएल गायकवाड, तुम्ही नेहमी सांगत आलात की मी विचारलं नाही. हे मी लिहून विचारते आहे, छापून विचारते आहे, खाली माझी सही आहे. कानातलं यंत्र लावा आणि उत्तर द्या.

रूथ दानिएल गायकवाड